पोराचं रक्त तपासलंस का?

आधी तो हात खाली घे. सहा वर्षांचं पोर ते. पाठीत धपाटा घालून त्याला बाराखडी येणार नाही. "बाई, याला जरा दम द्या" म्हणत तू माझ्या दारात आलास ते बरं झालं. दम मी देणारच आहे, पण तुला. दुसरीत तुझे कान मी धरलेले आहेत. आता देवळाच्या वाटेवर दुकान टाकलंस, चार पैसे गाठीला बांधलेस, म्हणून मला उलट उत्तर देण्याइतका मोठा झालास असं समजू नकोस. बस तिथं. माझं बोलून होईपर्यंत उठायचं नाही.

तुझी तक्रार काय, तर पोरगं एका जागी बसत नाही, सांगितलेलं विसरतं, सारखं किरकिर करतं, पोट दुखतंय म्हणून रडतं, जेवत नाही. शाळेतून चिठ्ठी आली, "लक्ष देत नाही, पालकांनी भेटावे." त्यावर तू काय केलंस? आधी मारलंस. मग कुणी म्हणालं नजर लागली, तर गळ्यात ताईत बांधलास. कुणी म्हणालं बाहेरचं काही असेल, तर त्याला आरतीच्या वेळी देवळात नेऊन उभं केलंस. खांबाला धरून ओरडणारी, घुमणारी माणसं बघून ते लेकरू रात्रभर दचकून उठत होतं, हे मला तुझ्या आईनं सांगितलं. मग कुठल्याशा वैदूची पूड आणलीस. पुडीवर ना नाव ना गाव, आणि ती मधातून चाटवलीस. डॉक्टरांनी सांगितलं हिमोग्लोबिन कमी आहे, तर टॉनिकची बाटली घेऊन घरी आलास. ते कमी का आहे, हे विचारायची बुद्धी तुला झाली नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय म्हणायचं याला?

आता मी काय बघितलं ते ऐक. गेल्या पौर्णिमेला तुझ्या दुकानासमोरून आले. शेंदराची गोणी तोंड उघडी टाकून ठेवलेली, तिच्यात पितळी वाटी. तू वाटीनं मापून कागदात पुड्या बांधत होतास. यात्रेकरूंची रीघ लागलेली, तुला मान वर करायला फुरसत नव्हती. आणि तुझी दीड वर्षांची धाकटी खाली सतरंजीवर बसून सांडलेल्या शेंदरात बोट फिरवत होती. बोट शेंदरात, शेंदरातून तोंडात. ओठांच्या कडांना केशरी रंग वाळून चिकटला होता. कुणी बाई कौतुकानं म्हणाली, "अगदी मारुतीराया दिसतोय!" तू हसलास. मला तिथंच तुझ्या मुस्काटात द्यावीशी वाटली. गर्दी होती म्हणून गप्प बसले.

शेंदूर कशाचा होतो, विकणाऱ्या माणसाला माहीत नको? मारुतीला, गणपतीला, वाटेवरच्या म्हसोबाला तेलात कालवून जो केशरी शेंदूर लावतात, तो परंपरेनं शिशापासून करतात. शिसं भाजून त्याची लाल-केशरी भुकटी होते. रसायनशास्त्रात तिला लेड टेट्रॉक्साइड म्हणतात. हल्ली काही ठिकाणी साधा रंग घातलेला शेंदूरही मिळतो. पण तुझ्या गोणीतला कुठला, हे तुला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि डोळ्यांनी बघून ते कुणालाच सांगता येणार नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या रट्गर्स विद्यापीठाच्या लोकांनी शेंदराचे ११८ नमुने तपासले. ९५ नमुने तिकडच्या न्यू जर्सीतल्या दुकानांतले, २३ आपल्या मुंबई-दिल्लीचे. अमेरिकेची मर्यादा एका ग्रॅममध्ये २० मायक्रोग्रॅम शिशाची. आपल्याकडच्या नमुन्यांपैकी ४३ टक्के त्या मर्यादेच्या वर निघाले. एकूण नमुन्यांपैकी काहींत तर ग्रॅममागे दहा हजार मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं होतं. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांना रंग येण्यासाठी शिशाची संयुगं घालायला कायद्यानं बंदी आहे. पण तुझ्या गोणीवर ना छाप, ना कारखान्याचं नाव. "पूजेचा आहे" एवढं म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. पूजेचा माल पोराच्या पोटात जाणार नाही, याची काळजी मग कुणी घ्यायची?

देवाचं नाव मध्ये आणू नकोस. या गावात मीही जन्म काढला आहे. भीमा-अमरजेच्या संगमावर मीही स्नान केलं, दुपारी झोळी घेऊन पाच घरं मधुकरी मागितली, निर्गुण पादुकांपुढे डोकं टेकलं. दत्तमहाराजांनी कुठं सांगितलंय की लेकराला विष चाटवा? देवाला शेंदूर वाहायचा तर वाहा, पण तो बंद डब्यात ठेव, आणि हात धुतल्याशिवाय त्याच हातानं पोराला घास भरवू नकोस. श्रद्धेच्या आड आपला आळस लपवायचा नाही.

"आमच्या आजोबांपासून हाच धंदा आहे, आम्हाला काय झालं?" असं म्हणणारच होतास. तुम्हाला काय झालं, ते कुणी मोजलंच नाही. मोठ्या माणसाच्या पोटात शिसं गेलं तर त्यातला साधारण दहावा हिस्सा अंगात मुरतो. लहान मुलाच्या बाबतीत तेच चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जातं, आणि पोर उपाशी असेल, अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर त्याहूनही जास्त. शिसं बहुरूप्यासारखं कॅल्शियमचं सोंग घेऊन शरीरात शिरतं. हाडात जाऊन बसतं, वाढत्या मेंदूत शिरतं, रक्त तयार होण्याच्या कामात खोडा घालतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं खरं, पण हाडातलं वर्षानुवर्षं राहतं. बाई गरोदर राहिली की ते हाडातून सुटून वारेवाटे पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. कर्नाटकात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६५.५ टक्के मुलांना रक्तक्षय आहे, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. म्हणजे आपल्याकडं दर तीन पोरांत दोघांचं अंग आधीच असं की शिसं आलं तर ते चटकन ओढून घेईल.

आता शाळेची ती चिठ्ठी. हर्बर्ट नीडलमन नावाचे अमेरिकी डॉक्टर होते. त्यांनी बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि सोमरव्हिल या गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतलं शिसं मोजलं. कुणाच्या दातात किती, हे शिक्षकांना कळू दिलं नाही. त्यांना फक्त विचारलं : हे मूल वर्गात लक्ष देतं का, हातातलं काम सोडून देतं का, साधी सूचना पाळतं का, चुळबुळ करतं का? दातांतलं शिसं जसं जास्त, तशा शिक्षकांच्या तक्रारी जास्त. १९७९ साली हे छापून आलं. आणि ती मुलं आजारी म्हणून दवाखान्यात आलेली नव्हती, तर रोज दप्तर घेऊन शाळेत येणारी, खेळणारी पोरं होती. त्यांच्या बापांनीही त्यांना "ढ" म्हणून मारलंच असेल. तुझ्या पोराच्या बाईंना मी उद्या शाळेत जाऊन हे सांगणार आहे. मूल वर्गात मागं पडलं की आधी त्याचे डोळे, कान, पोट आणि रक्त बघायचं, छडी बघायची नाही. आमच्या पेशातल्या लोकांनीच हे शिकून घेतलं नाही, तर आईबापांना कोण सांगणार?

मी काही ज्योतिषी नाही. तुझ्या पोराच्या रक्तात शिसं आहेच, असं मी म्हणत नाही. नीट ऐकू येत नसेल, पोटात जंत असतील, झोप पुरत नसेल, आणखी दहा कारणं असतील. पण शिसं नाही, हेही तुला माहीत नाही. आणि ते कळायचा मार्ग एकच, रक्तातलं शिसं मोजणं. हिमोग्लोबिनच्या चिठ्ठीत ते दिसत नाही. नाडी बघून कळत नाही. पोराच्या तोंडाकडं बघून मलाही कळत नाही, इतकी वर्षं पोरं बघितली तरी.

तेव्हा तपासणी कशी करायची ते नीट ऐक, कारण यातही तू घोळ घालशील. गुलबर्ग्याला बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि स्पष्ट सांग, "आमचं शेंदराचं दुकान आहे, पोरं दुकानात खेळतात, रक्तातलं शिसं तपासायचं आहे." दुकानाचं नाव काढल्याशिवाय त्यांना तरी कसं सुचणार? शाळेत, अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, वजन-उंची घेतं, डोळे-दात बघतं. शिसं त्यांच्या यादीत नाही. असायला हवं, आणि त्यासाठी मी अर्ज करत राहीन, पण तोवर तुझं पोर थांबणार नाही. रक्त शिरेतून काढायला सांग. बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर विसंबू नकोस. बोटाच्या कातडीवर शेंदूर असला तर तो थेंबात उतरतो आणि आकडा खोटा चढतो. तुझ्या घरात तर प्रत्येकाच्या बोटाला शेंदूर आहे. बोटाचा आकडा जास्त आला तरी शिरेतल्या रक्तानं तो पक्का केल्याशिवाय घाबरायचं नाही आणि औषधही घ्यायचं नाही. नमुना बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत जाईल, अहवालाला दिवस लागतील. लागू देत. पैसे? एका पौर्णिमेच्या गल्ल्यातून दोन्ही पोरांची तपासणी निघेल. ताइताला पैसे होते ना?

दोन्ही पोरांची म्हणाले मी. थोरला वर्गात मागं पडतो म्हणून तुला दिसला. शेंदरात बसते ती धाकटी. शिशाचा सगळ्यात जास्त मारा सहा महिने ते सहा वर्षं या वयात होतो, कारण या वयात पोरं रांगतात आणि सापडेल ते तोंडात घालतात. आणि तुझ्या बायकोला, आमच्या सूनबाईला, दिवस गेले असतील तर तिचीही तपासणी करून घे.

आकडा डेसिलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये येईल. पूर्वी अमेरिकेत १० पर्यंत फारसं मनावर घेत नसत. मग तो आकडा ५ वर आणला, आणि २०२१ पासून ३.५ वर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ सालीच सांगितलं, ५ किंवा जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधा आणि ते थांबवा. अमुक इतकं शिसं चालतं असा सुरक्षित आकडा कुणीही देत नाही. ४५ च्या वर गेलं तर दवाखान्यात भरती करून शिसं बाहेर काढणारी औषधं देतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. गावातल्या कुणाच्या सांगण्यावरून "शरीर शुद्ध करणारं" काही आणून पाजलंस, तर माझ्याशी गाठ आहे.

आणि "औषध द्या, एकदा मोकळं करा" असं म्हणू नकोस. अमेरिकेत ७८० लहान मुलांवर हे करून बघितलं. त्यांच्या रक्तात २० ते ४४ च्या दरम्यान शिसं होतं. निम्म्यांना सक्सिमर नावाचं औषध दिलं, निम्म्यांना नुसत्या बिनऔषधाच्या कॅप्सूल. औषधानं रक्तातलं शिसं उतरलं. पण २००१ साली निकाल आला तो असा की बुद्धीच्या चाचण्यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. मेंदूचं जे नुकसान होऊन गेलं ते औषधानं भरून आलं नाही. म्हणून माझा सगळा राग तुझ्या त्या उघड्या गोणीवर आहे. शिसं पोटात जाणं आज थांबलं तरच उपयोग. पोर गोणीशेजारीच बसवायचं आणि औषध पाजायचं, तर ते औषध पाण्यात गेलं.

दुकान बंद कर असं मी म्हणत नाही. सुटा शेंदूर विकणं बंद कर. तपासणीचा दाखला असलेला, सीलबंद पुडीतलाच माल ठेव. पोरांना दुकानात आणू नकोस. दुकानातले कपडे दुकानातच बदल, घरी गेल्यावर आधी साबणानं हातपाय धू, मग पोरीला उचल. केरसुणीनं झाडलंस की भुकटी उडते आणि अंथरुणावर, पाण्याच्या हंड्यावर बसते, तेव्हा दुकान आणि घर दोन्ही ओल्या फडक्यानं पूस. पोरांचे हात प्रत्येक जेवणाआधी आणि झोपताना धुवायचे, नखं कापायची. गळ्यातला ताईत आज काढ. कशाचा ओतलाय माहीत नाही आणि पोर तो चोखत बसतं. २००६ साली अमेरिकेत मिनीआपोलिसला चार वर्षांच्या एका मुलानं हातातल्या साखळीचं पदक गिळलं. ते जवळजवळ निव्वळ शिशाचं होतं. ते मूल दगावलं.

तुझा मेहुणा भीमेत जाळं टाकतो ना? जाळ्याच्या गोळ्या तो तुझ्या परसातल्या चुलीवर शिसं वितळवून ओततो, हेही मला ठाऊक आहे. त्याच चुलीवर नंतर भाकऱ्या होतात. त्याला सांग, गोळ्या विकत घे, नाहीतर घरापासून दूर जा. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणाऱ्या भंगारवाल्याला परसात थारा देऊ नकोस. डोळ्यांत घालायचा बाजारातला सुरमा बंद. पुष्कळदा तो शिशाच्याच दगडाचा असतो. त्या वैदूची पूड मोरीत न टाकता पुडीत बांधून डॉक्टरांना नेऊन दाखव. नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म, आणि असल्या बिननावाच्या पुड्यांत काय काय असतं ते कुणी सांगावं. भांड्यांना कल्हई करणाऱ्याला विचार, कथील शुद्ध आहे की त्यात शिसं मिसळलंय.

हळदही विकतोस तू. भडक पिवळ्या, चकचकीत हळकुंडांकडं गिऱ्हाईक ओढलं जातं म्हणून काही ठिकाणी व्यापारी त्यांना लेड क्रोमेट चोपडतात. तेही शिसंच. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत हळदीत किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंतच शिसं चालतं. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. तिथल्या सरकारनं व्यापाऱ्यांवर धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सांगितलं. २०२१ मध्ये असा एकही नमुना सापडला नाही. मनात आणलं तर होतं, हे तुला सांगायला मला ढाक्यापर्यंत जायला नको. आपल्याच राज्यात बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी सारी हयात या एका धातूच्या मागं घातली. नव्वदीच्या शेवटी जॉर्ज फाउंडेशन या संस्थेच्या कामात देशातल्या मोठ्या शहरांतली हजारो माणसं तपासली, तेव्हा बारा वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांच्या रक्तात १० च्या वर शिसं निघालं. २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं. घरच्या रंगातल्या शिशावर २०१७ च्या नोव्हेंबरपासून बंधन आलं. तरी २०२० सालच्या युनिसेफच्या अहवालात अंदाज असा की ५ च्या वर शिसं असलेली साडेसत्तावीस कोटी मुलं आपल्या देशात आहेत. तुझी दोघं त्यांत आहेत की नाहीत, एवढं तरी शोधून काढ.

खायला काय द्यायचं, हे सूनबाईला विचार, तिला तुझ्यापेक्षा जास्त समजतं. रिकाम्या पोटी शाळेत पाठवायचं नाही. भाकरीबरोबर तुरीचं वरण, शेवग्याचा पाला, तिळाची चटणी, नाचणी, दूध, वर लिंबू नाहीतर पेरू. शाळेत अंडी मिळतात. आपल्या बिदर-गुलबर्गा भागात २०२१ मध्ये अंडी सुरू झाली तेव्हा किती बोंब झाली, आठवतं? तुम्हीही नाकं मुरडलीत. तुम्ही माळकरी, तुम्हाला चालत नसेल तर केळं घेऊ दे, पण पोराच्या ताटलीतून काही काढून घेऊ नका. लोह आणि कॅल्शियम अंगात पुरेसं असलं की शिशाला शिरायला वाव कमी मिळतो. एवढंच, जादू नाही ती.

उद्या गुरुवार. दुकानात गर्दी असेल म्हणून तू परवावर ढकलशील. ढकलायचं नाही. सकाळच्या पहिल्या बसनं दोघांना घेऊन गुलबर्ग्याला जायचं. दुकान तुझा भाऊ बघेल, आणि तो नाही म्हणाला तर त्याला माझ्याकडं पाठव. अहवाल आला की कागद घेऊन इथं यायचं. आकडा कमी आला तरी यायचं, जास्त आला तरी यायचं. जास्त आला तर डॉक्टर सांगतील तेवढ्या आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं, आकडा उतरतोय हे दिसेपर्यंत. आणि पुढच्या खेपेला माल भरायला जाशील, तेव्हा व्यापाऱ्याला शिशाच्या तपासणीचा कागद मागायचा. त्यानं टाळाटाळ केली तर त्याचं नाव-पत्ता लिहून आण, अन्नसुरक्षा आणि औषध खात्याकडं तक्रारीचा मसुदा मी लिहून देते. सही तुझी लागेल.